आधी कान तपासा, मग ॲप घ्या: ज्येष्ठ आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात एआयची मदत

सुट्टीला आलेला मुलगा आईच्या फोनवर चार ॲप टाकतो, अर्ध्या तासात ती शिकवतो आणि परत जातो. पंधरा दिवसांनी एकही ॲप चालू नसतं. किंवा याच्या उलट: मुलं आणि सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेल्या मावशी यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो, त्यात आजींबद्दल रोज वीस निरोप पडतात, आणि आजींना त्यातलं अक्षरही माहीत नसतं. दोन्हीकडे चूक एकच. सुरुवात ॲपपासून झाली, आणि जिच्यासाठी हा खटाटोप आहे ती बाजूला राहिली.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. तुमच्या घराला लागू नसलेला टप्पा वगळलात तर हरकत नाही, पण पुढचा आधी उरकू नका. हा लेख बोलू शकणाऱ्या आणि आपलं म्हणणं कमीअधिक सांगू शकणाऱ्या ज्येष्ठांच्या घरासाठी आहे. विसराळूपणा बराच वाढला असेल तर त्याबद्दल शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

## टप्पा १: निरोप नेमका कुठे गळतो ते शोधा

पहिला आठवडा कुठलंही ॲप टाकू नका. स्वयंपाकघरात एक वही ठेवा. "सांगितलं होतं", "मला कुणी सांगितलंच नाही", "मी वेगळंच ऐकलं" असं काही झालं की वार, वेळ आणि काय गोंधळ झाला ते एका ओळीत लिहा. मावशींना लिहिणं जमत नसेल तर त्यांनी सांगावं, घरातल्या कुणीतरी लिहावं.

आठवड्याने वही उघडली की गोंधळाचा प्रकार दिसतो. साधारण पाच असतात: ऐकू न येणं, भाषा वेगळी असणं, दिवसपाळी-रात्रपाळी बदलताना निरोप राहून जाणं, दूरच्या मुलांपर्यंत अर्धवट किंवा भडक बातमी जाणं, आणि आजींना जे हवं आहे ते कुणीच न विचारणं. पहिल्या चारांवर एआयचा उपयोग होतो. पाचव्याला माणूसच लागतो. वहीतल्या बहुतेक ओळी पाचव्या प्रकारच्या असतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी घरात बसून बोला.

तपासणी: वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला गोंधळ कोणता? सुरुवात फक्त त्याच्यापासून करायची. दुसरा प्रकार महिनाभराने.

## टप्पा २: शरीराकडून सुरुवात

ऐकू येत नाही म्हणून महागडा टॅब आणला जातो आणि पुढे कळतं की कानात मळ घट्ट बसलेला होता. तो काडीने किंवा पिनेने काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी, जाळी आणि ते कानात नीट बसतंय का, हे मावशींना एकदा दाखवून द्या. बऱ्याच घरांत यंत्र डबीतच असतं, कारण ते कसं लावायचं हे दिवसपाळीला माहीत असतं, रात्रपाळीला नसतं. चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदूही पाहून घ्या. पुढे पडद्यावरची अक्षरं वाचायची आहेत.

वयाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, च, त अशी व्यंजनं निसटतात आणि स्वर ऐकू येत राहतात. म्हणूनच आजोबा म्हणतात, "आवाज येतोय, पण कळत नाही." मोठ्याने ओरडल्यावर स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं नाहीत. वर समोरच्याचा चेहरा रागावलेला दिसतो, तो वेगळाच. जवळ येऊन, तोंड दिसेल असं समोर बसून, जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश बोलणं हा पहिला उपाय आहे. मिक्सर, टीव्ही आणि कुकर चालू असताना महत्त्वाचं काही सांगायचं नाही, हा दुसरा.

एवढ्यानेच निम्मं काम झालं तर उत्तम.

## टप्पा ३: विचारा आणि ठरवा

आजींना सरळ शब्दांत सांगा: "तुम्ही आणि मावशी काय बोलता ते हा फोन अक्षरांत दाखवेल. चालेल का? बंद कुणी करायचा, ते तुम्ही ठरवा." मावशींनाही तेवढ्याच आदराने विचारा. त्यांना वाटतं की हे आपल्यावर पाळत ठेवायला आणलंय, आणि बऱ्याचदा त्यांचा संशय खराही असतो. पाळत ठेवायची असेल तर तसं उघड सांगा, संवादाच्या नावाखाली ठेवू नका.

ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहायच्या गोष्टी:

- आंघोळ, कपडे बदलणं, डायपर बदलणं यावेळी माइक आणि कॅमेरा बंद.
- पाहुणे, शेजारी आले की बंद.
- आधार क्रमांक, बँक, पेन्शन, ओटीपी, घराचा पत्ता कुठल्याही एआय ॲपला सांगायचा नाही. डॉक्टरांच्या रिपोर्टचा फोटो द्यायचाच असेल तर नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून.
- मावशींचा फोन वापरायचा असेल तर रिचार्ज घरच्यांनी करायचा आणि वायफायचा पासवर्ड द्यायचा. स्वतःच्या डेटा पॅकवर तुमच्या आईची नोंद पाठवायची अपेक्षा धरणं बरोबर नाही.

शक्य असेल तर घरातला जुना फोन या एका कामासाठी वेगळा काढा. तो स्टँडवर उभा, चार्जरला लावलेला, नेहमी एकाच जागी असावा. पडद्यावर लागतील तेवढीच दोन-तीन चिन्हं, अक्षर सगळ्यात मोठं, आणि पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवलेली.

सावध: चॅटजीपीटीसारख्या ॲपमध्ये आपलं बोलणं एआयला शिकवण्यासाठी वापरू न देण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो पहिल्याच दिवशी निवडा. नंतर कुणी पाहत नाही.

## टप्पा ४: ऐकू कमी येत असेल तर बोलणं अक्षरांत

अँड्रॉइड फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मोफत मिळतं. समोरचा बोलतो तसं पडद्यावर लिहिलं जातं, मराठीतही. मांडणी अशी करा:

१. मुख्य भाषा मराठी निवडा, दुसरी हिंदी ठेवा. घरात तिसरी भाषा बोलली जात असली तरी सुरुवातीला दोनच.

२. अक्षरांचा आकार आजींना चष्मा लावून हातभर अंतरावरून वाचता येईल एवढा वाढवा. किती, ते त्यांना वाचायला लावूनच ठरवा.

३. स्वतःचे शब्द जोडायची सोय आहे, ती वापरा. औषधांची नावं, नातवंडांची नावं, डॉक्टरांचं आडनाव, गावाचं नाव घाला. हे केलं नाही तर दर तिसऱ्या वाक्यात नातवाचं नाव बदलतं आणि आजींचा विश्वास उडतो.

४. फोन बोलणाऱ्याजवळ आणि पडदा ऐकणाऱ्याकडे. सगळे नेमकं उलटं करतात, आजींच्या हातात फोन देतात आणि मावशी ओट्यापाशी उभ्या राहून बोलतात. माइक बोलणाऱ्यापासून हातभर अंतरात हवा.

५. एका वेळी एकाने बोला. दोघी एकदम बोलल्या की पडद्यावर खिचडी होते.

पहिले काही दिवस कामाचं काही बोलू नका. भाजीचे भाव, कालची मालिका, गावाकडच्या आठवणी, काहीही. अक्षरं चुकली की दोघींनी हसावं. चूक कशी दिसते हे गमतीच्या बोलण्यात कळलं, तर औषधाच्या बोलण्यात ती पकडता येते.

आजींना वाचायला येत नसेल किंवा नजर फारच अधू असेल तर या टप्प्याचा काही उपयोग नाही. तिथे साउंड अँप्लिफायर हे ॲप आणि वायरचा साधा हेडफोन लावून पाहा. ते समोरचा आवाज उचलून कानात मोठा करून देतं. श्रवणयंत्राची जागा ते घेत नाही, पण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत चालून जातं.

सावध, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: आजी बोलत असताना रोज ठीक लिहिणारं ॲप अचानक भलतंच लिहू लागलं, तर ॲपला दोष द्यायच्या आधी आजींच्या चेहऱ्याकडे पाहा. बोलणं अडखळतंय? तोंड एका बाजूला ओढलंय? दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली पडतोय? हा पक्षाघाताचा झटका असू शकतो. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ पाहून ठेवा आणि १०८ लावा. बोलणं असंबद्ध झालं असेल तर साखर किंवा सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग अशीही कारणं असू शकतात. तीही लगेच डॉक्टरांना कळवायची, "वय झालं" म्हणून सोडायची नाहीत.

## टप्पा ५: भाषा वेगळी असेल तर

मुंबई-पुण्यात सांभाळायला येणारी ताई झारखंडची, ओडिशाची किंवा बंगालची असू शकते. न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या मराठी आजोबांसाठी येणारी मदतनीस स्पॅनिश बोलणारी असू शकते. अशा ठिकाणी गूगल ट्रान्सलेटमधली संभाषणाची सोय किंवा केंद्र सरकारचं भाषिणी ॲप उपयोगी पडतं. पण आपण एकमेकांशी जसं बोलतो तसंच यंत्राशी बोललो की घोळ होतो. मराठीत कर्ता आणि कर्म गाळून बोलायची आपल्याला सवय आहे. "घेतली का?" एवढ्यावर मावशींना सगळं कळतं, यंत्राला कोणी आणि काय घेतलं हे कळत नाही, आणि ते मनाने भरतं. म्हणून:

१. पूर्ण वाक्य. "घेतली का?" ऐवजी "आजींनी दुपारची रक्तदाबाची गोळी घेतली का?"

२. एका वाक्यात एकच गोष्ट. "जेवल्यावर गोळी देऊन मग जरा चालवा, पण चक्कर येत असेल तर नको" याची चार वाक्यं करा.

३. दीड, अडीच, पाऊण, साडेसात, पावणेआठ हे शब्द टाळा. "एक पूर्ण गोळी आणि एक अर्धी गोळी", "सात वाजून तीस मिनिटं" असं म्हणा.

४. काल, उद्या, परवा टाळा. आपला "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही, हिंदीतला "कल" तसाच. तारीख आणि वार सांगा.

५. काय होतंय ते अंगाच्या भाषेत सांगा. "कसंतरी होतंय", "जीव घाबरतोय", "परसाकडे झालं नाही" हे घरात सगळ्यांना कळतं, भाषांतरात त्याचं काय होईल सांगता येत नाही. मावशींनी लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा: दुखतंय का, कुठे, छातीत का पोटात, घाम आलाय का.

६. उलट तपासणी. भाषांतर झालेलं वाक्य पुन्हा मराठीत करून पाहा. अर्थ तोच आला तरच पुढे.

सहावा नियम लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि तोच गळतो. रोजच्या गप्पांना तो नको. औषध, पथ्य, पडणं, दुखणं आणि पैसे या पाच विषयांना मात्र हवाच.

आणखी एक बारीक गोष्ट. ही यंत्रं कधीकधी आदर खातात. ताई आदराने बोललेली असते आणि मराठीत "तू उठ, जेव" असं बाहेर पडतं. आजोबा दुखावतात आणि ताईला कळतच नाही की झालं काय. दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की "तू" यंत्राचं आहे, तिचं नाही.

त्याहून भरवशाचा उपाय: रोज लागणारी वीसेक वाक्यं एकदाच दोन्ही भाषांत करून घ्या. पाणी हवंय, पाठ दुखतेय, बाथरूमला जायचंय, पंखा कमी कर, कूस बदलून दे, मला एकटं बसू दे. चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून मसुदा घ्या, पण दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय वापरू नका. मोठ्या अक्षरात, शेजारी चित्र काढून, जाड कागदावर छापा आणि पलंगापाशी लावा. रात्री दोनला वायफाय गेल्यावर हा कागद कामाला येतो. "मला एकटं बसू दे" हे वाक्य यादीतून गाळू नका. मुलं यादी करतात तेव्हा ते हमखास राहतं.

## टप्पा ६: दिवसाची नोंद

पाळी बदलताना सांगायचं राहून जातं आणि दूरच्या मुलांना एकतर "सब ठीक है" मिळतं, नाहीतर मध्यरात्री घाबरवणारा निरोप. यासाठी एआयचा चांगला उपयोग होतो, पण इथेच सगळ्यात धोकादायक चूकही होते. म्हणून जरा सविस्तर.

आधी बोलणं. पाळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी मावशी फोनवर बोलून सांगतील. त्यांना मराठी वाचता येत असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून द्या आणि माइकचं चिन्ह दाखवा, म्हणजे बोललेलं लिहिलं जाईल आणि त्यांना वाचून पाहता येईल. वाचता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप पुरे. तो ऐकून लिहून घेण्याचं काम घरच्यांचं. त्यांना वाचता न येणाऱ्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका.

समजा त्या असं म्हणाल्या: "आजी सातला उठल्या. चहा आणि दोन खारी घेतल्या. आंघोळ नको म्हणाल्या, अंग पुसून घेतलं. अकराला घेरी आल्यासारखं झालं, पडल्या नाहीत, झोपवलं. जेवताना भाकरी नको म्हणाल्या, थोडा वरणभात खाल्ला. परसाकडे दोन दिवस नाही. उजवा गुडघा दुखतोय म्हणाल्या."

मग एआयला सूचना. नुसतं "याचा सारांश कर" म्हणालात तर असं काहीतरी मिळू शकतं: "आजींचा दिवस एकंदर चांगला गेला. सकाळी थोडी चक्कर आली, विश्रांतीनंतर बरं वाटलं." विश्रांतीनंतर बरं वाटलं, हे कुणी म्हणालेलंच नाही. शौचाचा उल्लेख उडाला. औषधाबद्दल मावशी काहीच बोलल्या नव्हत्या, हेही दिसेनासं झालं. टोरंटोतली मुलगी हे वाचून निश्चिंत झोपते.

म्हणून सूचना अशी द्या, शब्दशः उतरवून घेतलीत तरी चालेल:

"खाली आजींना सांभाळणाऱ्या मावशींचं आजचं बोलणं आहे. त्याची मराठीत छोटी नोंद कर. भाग असे: खाणंपिणं, औषधं, लघवी आणि शौच, झोप, चालणं किंवा पडणं, दुखणं, आजी स्वतः काय म्हणाल्या. मावशींनी न सांगितलेली एकही गोष्ट घालू नकोस. एखाद्या भागाबद्दल त्या बोलल्या नसतील तर तिथे 'सांगितलं नाही' असं लिही. शब्द सौम्य करू नकोस. कारण, निदान किंवा सल्ला देऊ नकोस. वेळा आणि आकडे आहेत तसेच ठेव. शब्द कळला नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाक."

आता औषधांपुढे "सांगितलं नाही" येईल. या नोंदीचा खरा फायदा तोच: मावशी घरी जायच्या आधी विचारता येतं.

मग आजींना वाचून दाखवा. ग्रुपवर टाकायच्या आधी, नंतर नाही. "तुमच्याबद्दल असं कळवतोय, बरोबर आहे का?" आजी म्हणतील, "गुडघा नाही, मांडी," किंवा "घेरीचं तिला कळवू नका, ती काळजी करते." पहिली दुरुस्ती लगेच करा. दुसऱ्यावर बोला, पण त्यांना अंधारात ठेवून पाठवू नका. त्यांना वगळून पाठवत राहिलात तर त्या मावशींपासून लपवायला लागतात, आणि मग नोंदीला काही अर्थ उरत नाही.

आकडे वेगळ्या वाटेने. रक्तदाब, साखर, ताप, ऑक्सिजन हे बोलून पाठवायचे नाहीत. यंत्राच्या पडद्याचा फोटो काढा आणि आकडा वहीत लिहा. बोलण्यातून लिहिताना एकशे तीसचं एकशे तेहतीस सहज होतं.

तपासणी: मूळ आवाजाचा निरोप किमान आठवडाभर ठेवा. रविवारी एखादा निरोप पुन्हा ऐकून त्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा. नोंदीत भर पडलेली दिसली तर सूचनेतलं "न सांगितलेली एकही गोष्ट घालू नकोस" हे वाक्य अगदी वर न्या आणि नवीन संभाषण उघडा. एकाच लांबलचक संभाषणात रोजची नोंद घालत राहिलं की कालचं आजच्यात मिसळू शकतं.

## टप्पा ७: औषधं आणि डॉक्टर

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन आठवड्यांच्या नोंदी एआयला देऊन "यातून डॉक्टरांना विचारण्याचे पाच प्रश्न काढ" म्हणा. हे काम ते चांगलं करतं. घेरी चार वेळा आली आणि चारही वेळा सकाळी अकराच्या सुमाराला, हे आपल्या नजरेतून सुटलेलं असतं. प्रश्न आजींना वाचून दाखवा, त्यांचा एक स्वतःचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर घ्या आणि कागदावर न्या. दवाखान्यात फोन काढून बसायला वेळ मिळत नाही.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते सोप्या मराठीत करून घ्यायलाही हरकत नाही. मात्र चिठ्ठीचा फोटो देऊन एआयकडून मात्रा वाचून घ्यायची नाही. "१-०-१" म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे त्याला कळतं. डॉक्टरांच्या अक्षरातलं औषधाचं नाव मात्र ते अंदाजाने भरू शकतं, आणि नावात एका अक्षराचा फरक असलेली दोन औषधं पूर्ण वेगळ्या रोगांवरची असू शकतात. अक्षर कळलं नाही तर औषधाच्या दुकानात विचारा, नाहीतर दवाखान्यात फोन करा. "ही गोळी बंद केली तर चालेल का?" हा प्रश्न एआयला विचारायचाच नाही, हे मावशींनाही सांगून ठेवा. त्यांच्या फोनवरही ही ॲप आहेत आणि त्याही विचारतात.

## टप्पा ८: तक्रार यंत्राच्या हवाली करू नका

आजींना जेवण तिखट लागतं. मावशींना रविवारची सुट्टी मिळत नाही. मुलीला वाटतं आईला फार वेळ झोपवून ठेवतात. या तक्रारी एआयकडून "गोड शब्दांत" लिहून पाठवायचा मोह होतो. लिहिलेलं गुळगुळीत होतं आणि समोरच्याला त्यातला राग दिसतो, मुद्दा दिसत नाही. मावशींना असा मजकूर आला की त्यांना तो ब्युरोच्या नोटिशीसारखा वाटतो.

इथे एआयला एवढंच काम द्या: आपलं म्हणणं तीन वाक्यांत मांडून दे, आणि समोरची व्यक्ती यावर काय म्हणेल ते सांग. मग फोन खाली ठेवून समोरासमोर बसा, लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर. मावशींच्या कामाचे तास, जेवण, सुट्टी यांचं बोलणं आजींच्या खोलीत करू नका. आजींना नीट वागवलं जात नाही असा संशय असेल तर नोंदींत पुरावे शोधत बसू नका, आजींना एकट्यांना विचारा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. तातडीच्या धोक्यात ११२.

## विसराळूपणा वाढला असेल तर

डिमेन्शियात पडद्यावर धावणारी अक्षरं गोंधळ वाढवतात. तिथे टप्पा ४ आणि ५ मधली ॲप आजींसमोर न ठेवता मावशींच्या मदतीला ठेवा. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर काय उत्तर द्यावं, संध्याकाळी अस्वस्थता वाढते तेव्हा काय बोलून लक्ष वळवावं, अशा वाक्यांची तयारी एआयकडून करून घेता येते. आजींचं गाव, माहेर, आवडती गाणी, नोकरी यांची एक पानाची माहिती नव्या मावशींसाठी तयार ठेवा. हे पान मी सगळ्यात उपयोगी मानतो, आणि त्याला खरं तर एआयही लागत नाही.

गेलेल्या आजोबांच्या आवाजात बोलणारं काही बनवू नका. मुलाऐवजी मुलासारखं बोलणारा बॉट आईच्या हातात देणं, हाही त्यातलाच प्रकार आहे. त्यांना खरं-खोटं वेगळं करता येत नाही, हे ओळखून केलेली ती फसवणूक आहे.

त्याच कारणाने फसवणाऱ्यांपासूनही सांभाळा. नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून "अपघात झालाय, पैसे पाठव" असा फोन येऊ शकतो. घरातल्यांनी एक खुणेचा शब्द ठरवावा. तो नातवंडांना, आजींना आणि मावशींना तोंडपाठ असावा आणि कुठल्याही ॲपवर लिहिलेला नसावा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

## मावशी बदलल्या तर

नव्या ताई आल्यावर सगळं पुन्हा टप्पा ३ पासून करायचं. जुन्यांनी दिलेली संमती नव्यांना लागू होत नाही. त्यांचा आवाज आणि बोली वेगळी असते, म्हणून अक्षरांच्या ॲपची गमतीच्या बोलण्याची सुरुवात पुन्हा करा आणि शब्दांची यादी तपासा. कागदावरची वाक्यं त्यांच्या भाषेत आहेत का ते पाहा.

जाणाऱ्या मावशींना ग्रुपमधून काढायच्या आधी त्यांच्याकडून एक शेवटचा आवाजाचा निरोप मागा: आजींना काय आवडतं, काय नको असतं, रात्री कशाने दचकतात. त्यानंतर घरातल्या फोनचा आणि वायफायचा पासवर्ड बदला, त्यांच्या फोनवरच्या आजींच्या नोंदी आणि फोटो दोघांनी मिळून पुसा, आणि त्यांच्या शेवटच्या महिन्याच्या रिचार्जचे पैसे द्यायचे राहिले नाहीत ना, ते पाहा.